मूल हट्टी आहे, की अडलं आहे?

सहामाही परीक्षेचा पहिला दिवस होता. परीक्षेला मुलांना नंबरवार बसवतात, त्यामुळं रोजची जागा सुटते. दुसरीच्या वर्गावर माझी देखरेख होती. सगळी मुलं आपापला नंबर शोधून बसली. एक मुलगा मात्र खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकाशी उभाच. ती त्याची रोजची जागा, आणि तिथं आज भलतंच कुणी बसलेलं. मी त्याला हाताला धरून त्याच्या नंबराकडं नेऊ लागले, तर त्यानं असा टाहो फोडला की शेजारच्या वर्गावरच्या बाई धावत आल्या. जमिनीवर लोळण, कानांवर हात, अंग घामानं निथळलेलं. पाऊण तास गेला. पेपर कोराच राहिला.

शाळा सुटल्यावर आई न्यायला आली. फाटकाशी पाच-सहा बायका उभ्या होत्या. त्यांच्यादेखत मी तिला म्हटलं, "अहो, एकुलता एक असला म्हणून काय झालं? जरा शिस्त लावा की त्याला. इतका हट्ट बरा नव्हे."

ती काही बोलली नाही. मान खाली घालून मुलाला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आली आणि माझ्या हातात एक वही ठेवून म्हणाली, "बाई, वेळ मिळेल तेव्हा वाचा."

साधी दोनशे पानी वही. पट्टीनं रकाने आखलेले. 'सोमवार. रस्ता खणलाय म्हणून रिक्षावाल्यानं दुसऱ्या गल्लीतून नेलं. रडणं ४० मिनिटं. शाळेला उशीर.' 'बुधवार. त्याचा स्टीलचा पेला घासायला पडला होता. काचेच्या पेल्यात दूध दिलं. प्याला नाही. २५ मिनिटं.' 'रविवार. मामा न कळवता आले. पलंगाखाली जाऊन बसला. जेवला नाही. मामा अर्ध्या तासात उठून गेले.' अशी पानामागून पानं. पहिल्या पानावर डॉक्टरांची चिठ्ठी चिकटवलेली होती. मुलाला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असल्याची. शाळेतून काढून टाकतील या भीतीनं तिनं ते आम्हाला सांगितलंच नव्हतं.

रात्री ओटा आवरून झाल्यावर मी ती वही वाचली आणि फाटकाशी बोललेला माझा शब्दन् शब्द मला टोचत राहिला. त्यानंतर या विषयावर मिळेल ते वाचायला लागले. डॉक्टरांनाही भेटले. तेव्हा कळलं, की ही माउली घरी बसून जे करत होती, तेच करायला मोठमोठ्या विद्यापीठांतल्या तज्ज्ञांनी कित्येक वर्षं घालवली आहेत. ते म्हणजे, या अडण्याचं माप घेणं.

हट्ट वेगळा, अडणं वेगळं

हट्ट आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. दुकानात फुगा दिसतो, मूल फुगा मागतं, आपण नाही म्हणतो, ते रडतं. रडताना एका डोळ्यानं आपल्याकडं बघतं. फुगा मिळाला की हसू फुटतं. नाहीच मिळाला तर थोड्या वेळानं दुसरीकडं लक्ष जातं. म्हणजे हट्टाला काहीतरी मिळवायचं असतं, आणि बहुधा कुणीतरी बघणारंही लागतं.

स्वमग्न मुलाचं तसं नसतं. रिक्षा दुसऱ्या गल्लीतून गेली म्हणून रडणाऱ्या मुलाला काय मिळवायचं असतं? काहीच नाही. शाळा तीच, आई तीच, रिक्षासुद्धा तीच. पण रोज दिसणारी पिठाची गिरणी आज दिसली नाही, आणि त्याच्या दृष्टीनं पायाखालची फरशी सरकली. आपण अंधारात जिना उतरताना एक पायरी कमी निघाली तर काळजात धस्स होतं ना? तसं त्याला दिवसातून दहा वेळा होतं. माणसांचे चेहरे, बोलण्यातले आडपडदे, आवाज, गर्दी यांचा अंदाज त्याला आपल्याइतका सहज येत नाही. मग जे रोज तसंच असतं, त्याला तो घट्ट धरून ठेवतो. या घट्ट धरण्याचा आणि मनातल्या चिंतेचा जवळचा संबंध असतो, हेही अभ्यासांतून दिसून आलं आहे.

या स्वभावाला आपण 'वागण्यातला ताठरपणा' म्हणू. ताठरपणा म्हणजे अरेरावी नव्हे. थंडीत गोठलेलं खोबरेल बाटलीतून ओतलं जात नाही, त्यात बाटलीचा काय दोष? तितकाच या मुलाचा.

ऐंशी वर्षांपूर्वीचा गालिचा

ही गोष्ट पहिल्यांदा नीट लिहून ठेवली ती अमेरिकेत, बाल्टिमोर शहरातल्या लिओ कॅनर या डॉक्टरांनी. १९४३ साली त्यांनी ११ मुलांवर एक लेख लिहिला. आठ मुलगे, तीन मुली. स्वमग्नतेची आजची सारी चर्चा त्या लेखापासून सुरू होते. या मुलांना एकटेपण हवं असतं आणि भोवतालचं सगळं जसंच्या तसं राहावं अशी त्यांना चिंतेनं भरलेली ओढ असते, हे दोन मुद्दे त्यांनी ठळकपणे मांडले.

त्यातल्या एका मुलाची हकीकत माझ्या मनातून जात नाही. घर बदलायचं होतं. सामान न्यायला आलेल्या माणसांनी त्याच्या खोलीतला गालिचा गुंडाळला मात्र, तो जिवाच्या आकांतानं ओरडू लागला. नव्या घरी आपलं सामान पूर्वीसारखंच मांडलेलं दिसेपर्यंत त्याची घालमेल चालूच राहिली. मग एकदम शांत झाला आणि एकेका वस्तूला प्रेमानं थोपटत फिरला. शिस्त नसलेला मुलगा असं करील का, तुम्हीच सांगा.

याच ११ मुलांतल्या पहिल्याचं, डोनाल्ड ट्रिपलेट यांचं, पुढचं आयुष्यही सांगण्यासारखं आहे. मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावी ते वाढले, तिथल्याच बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळले, आणि अनेक देशही हिंडले. २०२३ साली, ८९ वर्षांचे होऊन वारले. शेवटपर्यंत गाव तेच आणि घरही लहानपणचंच. म्हणजे ठरावीकपणाची आवड गेली नाही, पण तिनं आयुष्यही अडवलं नाही. आपल्याला साधायचं आहे ते एवढंच.

पण मोजायचं कशाला?

माझ्या सासूबाईंनी हाच प्रश्न केला. "अगं, मूल का डाळ-तांदूळ आहे मापानं मोजायला?"

प्रश्न रास्त आहे. पण मुलाला ताप आला की आपण कपाळाला हात लावतो, आणि तरीही थर्मामीटर लावतोच. का? हाताला काल 'फार' वाटलं आणि आज 'जरा कमी' वाटलं, यावर औषध ठरत नाही. १०३ चा १०१ झाला, हे कळावं लागतं.

स्वमग्न मुलाच्या आईला डॉक्टर विचारतात, "आता कसं आहे?" ती कालच्या दिवसावरून उत्तर देते. काल बरा गेला असेल तर "सुधारणा आहे", काल रडारड झाली असेल तर "काही फरक नाही". महिनोन् महिने उपचार चालतात, पैसे जातात, आणि गुण येतो आहे की नाही हे नक्की कुणालाच सांगता येत नाही. शिवाय माप नसलं, की शेजारीपाजारी आपलं माप लावतात. 'लाडावलाय', 'आई नीट लक्ष देत नाही'. माझ्यासारख्या शिक्षिकासुद्धा.

पत्त्यांचा डाव

पूर्वी तज्ज्ञांना वाटायचं, ताठरपणा मेंदूच्या कामाचा भाग आहे, तर तो परीक्षेत मोजावा. अशी एक प्रसिद्ध परीक्षा १९४८ सालापासूनची आहे, विस्कॉन्सिनची पत्त्यांची परीक्षा. पत्त्यांवर रंगीत आकृत्या असतात. कुठं दोन लाल त्रिकोण, कुठं तीन हिरव्या चांदण्या. मुलानं पत्ते जुळवायचे. पण रंगावरून, आकारावरून की संख्येवरून, हे त्याला सांगत नाहीत. प्रत्येक वेळी फक्त 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणतात. ओळीनं दहा वेळा बरोबर आलं, की न सांगता नियम बदलतात. मग मूल नवा नियम शोधतं, की जुन्यालाच चिकटून राहतं, ते मोजायचं.

कल्पना मोठी हुशारीची. पण २००९ साली हिल्डे ग्युर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास तपासून एक कोडं पुढं ठेवलं. घरात ताठरपणा ठळक दिसत असूनही अशा परीक्षांत स्वमग्न मुलं दर वेळी कमी पडतातच असं नाही. घरातला ताठरपणा आणि परीक्षेतला ताठरपणा यांचा मेळ बसत नाही.

आपल्या गृहिणींना मात्र हे कोडं वाटू नये. शांत खोली, समोर एकच माणूस, हातात पत्ते. चांदणी हिरवी निघाली काय नि लाल निघाली काय, त्यात मुलाचं काय जातं? घरी तसं नसतं. कुकरची शिट्टी चालू, पाहुणे दारात, आणि त्याचा नेहमीचा पेला मोरीत. अडणं तिथं दिसतं. म्हणजे ते मोजायला तिथं हजर असणारं माणूसच हवं.

आईबापांना विचारून केलेली मापपट्टी

शेवटी तज्ज्ञ त्या माणसाकडं, म्हणजे आईबापांकडं, वळले. आईबापांना विचारून भरायच्या प्रश्नावल्या आधीही होत्या. जेम्स बॉडफिश आणि सहकाऱ्यांनी २००० साली पुढं आणलेली ४३ प्रश्नांची एक पट्टी बरीच वापरली जाते. तीत पुन्हा पुन्हा केल्या जाणाऱ्या सगळ्याच वागण्याचे सहा गट आहेत. हात फडफडवणं एका गटात, स्वत:ला इजा करणं दुसऱ्यात. ठरावीकपणाचा आग्रह हा त्यांतला एक. पण सगळं एकत्र मोजलं, की नुसत्या अडण्याचं चित्र पुसट होतं.

म्हणून बॉडफिश, ल्यूक लकाव्हालिए, क्लेअर हॅरप वगैरे अमेरिकेतल्या संशोधकांनी फक्त ताठरपणासाठी एक वेगळी मापपट्टी तयार केली. आधी त्यांनी आईबापांना आणि या मुलांबरोबर काम करणाऱ्यांना बसवून विचारलं, की तुमच्या घरी, तुमच्या वर्गात हे कसं दिसतं? त्या बोलण्यातून, वाचनातून आणि अनुभवातून प्रश्न निघाले. मग ३ ते १७ वर्षांच्या मुलांच्या ९०० हून अधिक पालकांकडून ते भरून घेतले, कमी-जास्त केले, आणि २०२० साली ३८ प्रश्नांची पट्टी प्रसिद्ध झाली. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच असा आकडा द्यायचा. शून्य म्हणजे मुळीच त्रास नाही, पाच म्हणजे पराकोटीचा त्रास.

यातली खुबी लक्षात घ्या. 'मूल विचित्र वागतं का?' असं ती विचारत नाही. 'त्या वागण्यानं किती अडतं?' असं विचारते. एखादी मुलगी रोज आगगाड्यांची वेळापत्रकं पाठ म्हणत असेल, पण हाक मारल्यावर जेवायला येत असेल, तर बिघडलं कुठं? पण दुसऱ्या घरी ताटात भाजी डावीकडं वाढली म्हणून तीन दिवस पोटात अन्न नसेल, तर ते मोठंच.

पट्टी खरी की खोटी, हे कसं ठरवतात? आपण वाण्याचा काटा पारखतो तसंच. तीच साखर दोनदा तोलली तर वजन तेच यायला हवं. तशी ही पट्टी त्याच आईकडून काही दिवसांनी पुन्हा भरून घेतात. वाण्याच्या हातून नि त्याच्या नोकराच्या हातून वजन सारखंच भरायला हवं. तसं एकाच मुलाबद्दल दोन माणसांनी भरलेले आकडे जुळतात का, तेही बघतात. या पारखण्यातून पार पडल्याशिवाय असली पट्टी कुणी वापरू नये.

आपल्याकडं काय आहे?

आपल्या देशातही स्वमग्नता मोजायची पट्टी आहे. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं ती तयार केली. तीत ४० बाबी, सहा विभाग आणि प्रत्येकीला एक ते पाच गुण असतात. ७० च्या खाली स्वमग्नता नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढं तीव्र, असा तिचा हिशेब. प्रशिक्षित माणूस आईवडिलांना विचारून आणि मुलाला बघून ती भरतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, आणि प्रमाणपत्राच्या कामी या पट्टीचा उपयोग होत आला आहे.

पण तिचं काम निराळं आहे. स्वमग्नता आहे का आणि किती, हे ती सांगते. सगळं जसंच्या तसं राहावं हा आग्रह तिच्या ४० बाबींपैकी एक. मुलाचं रडणं पाऊण तासावरून दहा मिनिटांवर आलं, तर घरात दिवाळी. पण त्या पट्टीवर फार तर एखादा गुण हलेल. धान्याच्या काट्यावर केशर तोलायला गेलो तर काटा हलतो का? तसं आहे ते.

आणि परदेशी पट्टी नुसती भाषांतर करून चालत नाही. तिथल्या घरात मुलाला बहुधा स्वतंत्र खोली. आपल्याकडं दोन खोल्यांत सहा माणसं, न सांगता येणारे पाहुणे, दिवाळीच्या सफाईत अंगणात काढलेलं सामान, गणपतीतले ढोल, मध्येच जाणारी वीज. दुसऱ्या भाषेत नेलेली पट्टी तिथल्या घरांत पुन्हा पारखावी लागते.

माप फसतं ते इथं

आता त्या वहीकडं परत येते. तिच्यात एक रकाना असा होता, की तो बघून मी थबकले. 'आम्ही काय टाळलं.' खाली लिहिलेलं होतं: 'आत्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो नाही.' 'नवा पंखा आणला नाही, आवाज वेगळा येईल म्हणून.' 'चार महिने रोज बटाट्याचीच भाजी.' 'मी माहेरी गेले नाही, दोन वर्षं.'

मी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "बाई, डॉक्टरांनी विचारलं, आठवड्यातून किती वेळा रडतो? मी म्हटलं, एकदा-दोनदा. त्यांना वाटलं, बराय. पण रडू नये म्हणून घरातली चार माणसं किती जपून पावलं टाकतात, ते कुठं मोजलं?"

हा मोठा मुद्दा आहे, आणि तज्ज्ञांनीही त्याची दखल घेतली आहे. घरची माणसं मुलाच्या ठरावीकपणाला इतकी सरावतात, की बदल त्याच्यापर्यंत पोचूच देत नाहीत. मग रडणं कमी दिसतं, आकडाही कमी येतो, आणि अडलेलं मात्र सगळं घर असतं. म्हणून मोजताना दोन्ही मोजायचं. मूल किती अडलं, आणि त्याच्यासाठी आपण किती अडलो.

घरची वही

डॉक्टरांची पट्टी डॉक्टरांपाशी राहू द्या. वहीवरून निदान होत नाही, हे पक्कं ध्यानात असू द्या. पण डॉक्टरांकडं जाताना ही वही नेली, तर तुमचे दहा शब्द वाचतील आणि त्यांना दहापट कळेल. आखायची ती अशी:

१. दिवस आणि वेळ.

२. काय बदललं? 'चिडला' एवढंच लिहू नका. 'चादर बदलली', 'बाबा लवकर आले', असं लिहा.

३. किती मिनिटं? घड्याळ बघून. रडत्या मुलापाशी पाच मिनिटं तासासारखी वाटतात.

४. किती जोर? शून्य ते पाच. शून्य म्हणजे बदल चालला, पाच म्हणजे स्वत:ला किंवा दुसऱ्याला मारलं. कुठल्या आकड्याचा अर्थ काय, तो पहिल्या पानावर लिहून ठेवा, नाहीतर या महिन्याचा तीन आणि पुढच्या महिन्याचा तीन वेगळे होतील.

५. कशानं शांत झाला?

६. आम्ही काय टाळलं?

रोजच्या रोज वर्षभर लिहायची गरज नाही. दोन आठवडे लिहा, मग महिना-दोन महिने जाऊ द्या, पुन्हा दोन आठवडे लिहा. जमलं तर मुलाच्या वडिलांनाही तेच दिवस वेगळ्या कागदावर लिहायला सांगा. आकडे जुळले नाहीत तर भांडू नका. कदाचित मूल दोघांपाशी वेगळं वागत असेल, आणि तेही कळायला हवंच. परीक्षा, आजारपण, घरातलं कार्य असे आठवडे वेगळे खुणावून ठेवा.

आकडे हातात आल्यावर

पहिली गोष्ट, सगळंच बदलायला जाऊ नका. वहीत बघा, कशानं कुणाचंच काही अडत नाही. त्याला निळाच शर्ट हवा? दोन निळे शर्ट आणून ठेवा आणि विसरून जा. जिथं जेवण, झोप, शाळा, औषधपाणी अडतं, तिथंच लक्ष घाला, आणि एका वेळी एकच.

दुसरी, बदल आधी दाखवा. नुसतं सांगणं पुरत नाही; डोळ्यांना दिसलेलं या मुलांपैकी बऱ्याच जणांना लवकर उमगतं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात एरिक शॉप्लर यांनी १९७२ पासून राज्यभर चालवलेल्या कार्यक्रमात चित्रांच्या वेळापत्रकाला मोठं स्थान होतं, आणि आज ती पद्धत जगभर वापरतात. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर दिवसाची चित्रं काढा. दात घासणं, दूध, रिक्षा, शाळा. शेजारी 'आज बदल' असं एक लाल कार्ड असू द्या. आधी गमतीच्या बदलाला ते लावा, जसं आज दुधाबरोबर शंकरपाळी. लाल कार्ड म्हणजे संकट नव्हे, हे आधी पटू द्या.

तिसरी, अडल्यावर काय करायचं याचे शब्द शिकवा. लॉरेन केनवर्दी आणि सहकाऱ्यांनी शाळेतल्या मुलांसाठी तयार केलेला एक अभ्यासक्रम २०११ साली पुस्तकरूपानं आला. 'मी अडलो', 'पहिला बेत', 'दुसरा बेत' अशा अर्थाचे सोपे शब्द मुलांना, शिक्षकांना आणि पालकांना सारखेच शिकवायचे, हे त्याचं सूत्र. मूल 'मी अडलो' म्हणू शकलं, तर निम्मी आरडाओरड तिथंच थांबायची शक्यता असते.

चौथी, ताठरपणा एकाएकी वाढला, तर स्वभावावर ढकलू नका. दात, कान, बद्धकोष्ठ आधी तपासून घ्या. ज्याला दुखणं सांगता येत नाही, तो ते असं सांगतो. आणि स्वत:ला इजा करणं, वजन घटणं, रात्र-रात्र न झोपणं असं काही असेल, तर वहीची वाट न बघता डॉक्टरांकडं जा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर अशा मुलांसाठी तपासणी केंद्रांची सोय आहे. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

आणि शेवटची. हा आकडा प्रगतिपुस्तकातला नाही. शेजारच्या मुलाशी ताडून बघायचा नाही, नातेवाइकांना दाखवायचा नाही. त्याची तुलना फक्त त्याच मुलाच्या मागच्या महिन्याशी.

वार्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्या मुलाला आणि त्याच्या आईला थांबवून घेतलं. रिकाम्या वर्गात त्याचा नंबर घातलेला बाक दाखवला. तो बाकाभोवती दोनदा फिरला, बसला, उठला. आईनं मोबाईलवर फोटो काढला. घरी जाऊन तिनं वेळापत्रकावर लाल कार्ड लावलं. दुसऱ्या दिवशी तो दाराशी थोडा घुटमळला, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकाकडं बघून ओठ काढले, मग आपलं निळं पॅड छातीशी धरून नंबरावर जाऊन बसला. पेपर पूर्ण झाला नाही, पण कोराही राहिला नाही.

मधल्या सुट्टीत त्याच्या आईनं विचारलं, "बाई, किती मिनिटं?"

"सहा," मी म्हटलं. "जोर एक."

फाटकाशी त्या दिवशीही पाच-सहा बायका उभ्या होत्या. त्यांच्यादेखतच मी तिला म्हटलं, "त्या दिवशी चुकले हो मी. हट्टी नाही तुमचा मुलगा."

तिनं पिशवीतून वही काढली आणि सहाचा आकडा लिहून घेतला.